पाण्याखाली ठेवलेला वारा

सुखदेव, तुझ्या मयतीला किती माणसं होती हे तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. कन्हानच्या घाटावर उभं राहायला जागा नव्हती. खाणीतली अख्खी पाळी आली होती, कामठीहून ते दोन यंत्रमागवाले आले होते ज्यांची मोटर तू एकदा दुरुस्त करून दिली होतीस, आणि माझ्याच शाळेतले तीन शिक्षक. माझ्या शाळेतले! त्यातला एकजण मला म्हणाला, "तुम्हीपण ओळखत होता का सुखदेवला?" वीस वर्षांची आपली दोस्ती आणि हा मला विचारतो. तिथं तुझी चिता पेटलेली, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. माझ्या मयतीला एवढे लोक येणार नाहीत, हा विचार मी तुझ्या मयतीत उभा राहून केला. असा माणूस मी.

हे तुला नवीन नाही म्हणा. की होतं? तेच मला अजून कळलेलं नाही, आणि त्यासाठीच हे लिहायला बसलोय. तोंडावर सांगायला जमलं नाही ते कागदावर सांगतोय, आणि तू नाहीस म्हटल्यावर सांगतोय. शूरपणा बघ माझा.

तू पहिल्यांदा घरी आलास तो शाळेचा हवेचा पंप घेऊन. प्रयोगशाळेतला पंप बिघडला होता, नागपुरात कुणाला जमेना, आणि कुणीतरी सांगितलं की रामटेकच्या रस्त्यावर मँगनीजच्या खाणीत एक फिटर आहे, कंप्रेसरवर काम करतो, त्याला दाखवा. तू तो एका रविवारी नीट करून नागपूरच्या महाल भागात माझ्या घरी आणून दिलास. सातवी नापास माणूस. मी बी. एस्सी. पंप टेबलावर ठेवलास आणि म्हणालास, "गुरुजी, याचा पट्टा उलटा बसवला होता कोणंतरी." तो पट्टा मीच बसवला होता. मी म्हटलं, "पोरं काहीही करतात." तू हसलास. तेव्हापासून मला तुझा राग आला आणि तेव्हापासूनच तू मला आवडायला लागलास. हे दोन्ही मी कधी वेगळं करू शकलो नाही.

मग तू येतच राहिलास. एकाआड एक शनिवारी, एस.टी.च्या मोटारीतून उतरून, हातात पिशवी. चैत्रात रानातली टेंभरं, थंडीत बोरं. आमच्या घरात तुझी वाट पाहिली जायची, मला ते दिसायचं. विजू माझी मुलगी, माझ्याच शाळेत माझ्याच वर्गात विज्ञान शिकत होती, आणि घरी येऊन म्हणायची, "बाबा, सुखदेवकाका सांगतात तसं सांगा ना." तसं म्हणजे कसं? तू हातवारे करायचास, तोंडानं कंप्रेसरचा आवाज काढायचास, मध्येच उठून पिस्टन व्हायचास. मी फळ्यावर आकृती काढायचो, बाण काढायचो, नावं द्यायचो. आमची ही स्वयंपाकघरातून हसायची. माझ्या विनोदाला ती गेल्या पंचवीस वर्षांत किती वेळा हसली ते मला मोजता येईल.

पेट्रोल, रॉकेल भडकलं तेव्हाची गोष्ट. रॉकेलच्या रांगा, दिवसाआड लाईन जायची. तू एका शनिवारी आलास तो चहाचा कप हातात घेऊन तसाच बसून राहिलास. मग म्हणालास, "गुरुजी, वारा ठेवून देता येते काय जी?"

"कुठं ठेवतोस? कपाटात?" मी म्हटलं.

"पाण्यात."

तू बंद पडलेल्या खाणीच्या डोहात आंघोळीला जायचास. साठ फूट पाणी. तिथं तू बादली उलटी करून पाण्यात दाबली होतीस. "जातच नाही जी खाली! आतली हवा लोटून राहिली. म्या म्हटलं, अबे, पाणी हवेले दाबून राहिलं अन् हवा पाण्याले. मंग हवा तिथंच डांबून ठेवली त? पाह्यजे तेव्हा सोडाची." आणि मग तू माझ्या चहाच्या बशीत कप उपडा ठेवून सगळं दाखवलंस. वाऱ्यावर फिरणारी पाती. पात्यांनी चालणारा पंप. पंपातून रबरी नळी डोहाच्या तळाशी, तिथं एक ड्रम, तोंड खाली. वारा असेल तेव्हा ड्रममध्ये हवा भरत जायची, तेवढं पाणी बाहेर. वारा पडला की तोटी उघडायची, पाणी ती हवा दाबून वर पाठवणार, त्या हवेवर खाणीतल्या हवेच्या ड्रिलची मोटर फिरणार, मोटरीवर सायकलचा डायनॅमो, डायनॅमोवर दिवा.

"त्यासाठी पाणी कशाला?" मी म्हटलं. "लोखंडी टाकीत भर की."

"टाकीतली हवा पयले जोरात येते, मंग मरतुकडी होत जाते. पाणी मातर शेवटपर्यंत तेवढंच दाबते जी. अन् टाकी जाड लागते. इथं पाणीच टाकी होय."

सुखदेव, मी बारा वर्षं वर्गात पाण्यानं भरलेल्या काचेच्या भांड्यात पेला उपडा बुडवून दाखवत होतो. "हवा जागा व्यापते" हा धडा. दरवर्षी जुलैत. बारा वेळा तो पेला माझ्या हाताखाली वर यायला धडपडला, आणि मला एकदाही काही सुचलं नाही. तुला एका आंघोळीत सुचलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तुला म्हटलं, "नागपूरला वारा असा कितीसा असतो? मे महिन्यात दहा दिवस धूळ उडते, तेवढाच."

"म्हणूनच त साठवाचा! रोज असता त साठवाची काय गरज होती?"

मग मी दुसरं काढलं. हवा दाबली की तापते, ती उष्णता पाण्यात जाते, परत निम्मंसुद्धा मिळणार नाही. हे खरंच होतं, पुस्तकातलं होतं. तू डोकं खाजवलंस. "निम्मं त निम्मं. वारा फुकटच जाऊन राहिला न गुरुजी." हा वाद आपण पुढं किती शनिवार घातला! आजही माझं म्हणणं तेच आहे की निम्म्याहून जास्त वाया जातं. आणि आजही वारा फुकटच जातोय.

पण तू बांधलंस. ताडपत्रीची पाती, भंगारातला सिलिंडर, मोडक्या ड्रिलची मोटर. खाणीचे मॅनेजरसाहेब भले माणूस होते, त्यांनी बंद डोह वापरायची परवानगी दिली. तळाशी ड्रम टिकवायला खाली दगडांची पोती बांधायची, कारण हवा भरली की ड्रम वर यायला बघणार. पहिल्या चाचणीला तू फक्त आम्हाला बोलावलंस. मी, ही आणि विजू मोटारीनं आलो. तुझ्या बायकोनं, शेवंताबाईंनी, झुणका-भाकर आणली होती. सकाळभर वारा चांगला होता, पाती फिरत होती. साधारण निम्मा ड्रम भरला आणि वारा एकदम पडला. पानही हलेना. पाती थांबली. तू हात पुसलेस, तोटी उघडलीस. मोटर भुर्रर्र झाली आणि तो टिचभर दिवा लागला.

भर दुपारी लागलेला दिवा तो, तळहाताचा आडोसा केल्याशिवाय दिसत नव्हता. विजूनं टाळ्या वाजवल्या. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू मात्र माझ्याकडे पाहत होतास. सगळ्यांना सोडून माझ्याकडे. "जमून राहिलं न जी गुरुजी?" मी तुझ्या पाठीवर थाप मारली. मला आनंद झाला होता, शप्पथ सांगतो. आणि त्या आनंदाच्या बरोबरीनं मला तो दिवा फुंकून टाकावासा वाटत होता.

मॅनेजरसाहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, मला दाखव, पूर्ण भरून दाखव. जमलं तर वर लिहितो, तुला फिटरवरून काढून स्वतःची शेड देतो, हेच काम कर. तुझ्यासारख्यासाठी याचा अर्थ काय होता ते मला माहीत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनखाली उताणा पडलेला माणूस आपल्या मशीनजवळ उभा राहणार होता.

साहेबांपुढच्या चाचणीच्या आदल्या शनिवारी तू कागद घेऊन आलास. वहीचं एक पान. "आतापर्यंत अंदाजानं केलं, गुरुजी. आता साहेबांपुढे हाय त हिशोब पक्का पाह्यजे. तुमी तपासून द्या." तुझं ते गोल गोल अक्षर. ड्रम दोनशे लिटरचा. म्हणजे पूर्ण भरला की दोनशे किलोनं वर ओढणार. दगड अडीचशे किलो, खाणीच्या काट्यावर मोजलेले. अडीचशेतून दोनशे गेले, पन्नास शिल्लक. खाली रेघ.

मला चूक दिसायला एक क्षणसुद्धा लागला नाही. दगड तू जमिनीवर मोजले होतेस. पाण्यात दगड हलका होतो. विहिरीतून घागर काढणाऱ्या बाईलाही माहीत असतं की पाण्याखाली असते तोवर ती जड लागत नाही. तुझे अडीचशे किलो पाण्याखाली दीडशेच्या जरा वर भरले असते. ड्रमचं लोखंड धरूनही कमी. निम्म्या हवेला तेवढं पुरलं होतं, पुऱ्या हवेला पुरणार नव्हतं. आणि हा धडा मी त्याच आठवड्यात नववीला शिकवून आलो होतो! फळा पुसलेला खडू माझ्या सदऱ्याला होता.

मी लाल पेन्सिल घेतली आणि बरोबरची खूण केली.

हे वाक्य लिहायला मला आठ वर्षं लागली, सुखदेव. खूण केली आणि म्हटलं, "हिशोब ठीक आहे." तू तो कागद घडी घालून टोपीत ठेवलास. चहा प्यायलास. विजूला पिस्टन होऊन दाखवलंस. गेलास.

का केलं? काहून केलं, असंच तू विचारलं असतंस. मी तेव्हा स्वतःला जे सांगितलं ते सांगतो. मला वाटलं, पडेल तोंडावर एकदा, फार काही बिघडत नाही. मग येईल माझ्याकडे. मग मी सांगेन, अरे वेड्या, दगड पाण्यात तोलायचा असतो. मग ते यंत्र तुझं एकट्याचं राहणार नाही, त्यातले दगड तरी माझे असतील. एवढंच मला हवं होतं. चार पोती दगडांची मालकी.

चाचणीच्या दिवशी साहेब आले, त्यांच्या खुर्च्या आल्या, खाणीची अर्धी माणसं डोहाच्या काठावर. वारा झकास. ड्रम भरत गेला, तू घड्याळ बघत होतास, मी तुझ्या शेजारी उभा होतो. मला ठाऊक होतं काय होणार आहे. तेव्हाही सांगता आलं असतं. "थांब, पंप बंद कर" एवढे चार शब्द. मग पाणी हललं. म्हैस डोहातून उठावी तसा तो ड्रम वर आला, पोत्यांसकट, कलंडला, आतली हवा ढेकर दिल्यासारखी बाहेर पडली, पोती काठाच्या खडकाला घासून फाटली आणि सगळं पुन्हा खाली गेलं. नळी तुटून हवेत फटके मारत होती. कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. साहेबसुद्धा, रुमाल तोंडाला लावून.

तू हसला नाहीस आणि रडलाही नाहीस. फाटक्या पोत्याकडे बघितलंस. "पोतं फाटलं, साहेब. गोटे सांडले, म्हणून वर आला." तुला तसंच वाटलं, पाण्याखाली काय झालं ते कुणाला दिसलं होतं? मग तू वळलास आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "वजन त बरोबर होतं न जी, गुरुजी?"

साहेब माझ्याकडे बघत होते. सगळी खाण बघत होती. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तपासलं कुणी? पहिल्यांदा खोटं बोललो ते हेव्यानं. दुसऱ्यांदा भीतीनं. "वजन बरोबर होतं," मी म्हणालो.

साहेब उठले. "सुखदेव, कंप्रेसरकडे लक्ष दे आता." दुसऱ्या आठवड्यात डोहाला तारेचं कुंपण झालं, पाती उतरवली.

आणि तू येत राहिलास! हे मला सगळ्यात जड गेलं. रागावला असतास, येणं बंद केलं असतंस, तर बरं झालं असतं. एकाआड एक शनिवार, पिशवी, टेंभरं. दर उन्हाळ्यात माझा कूलर तूच लावून दिलास. हिचं ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस मेडिकल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सतरंजी टाकून राहिलास, मी घरी झोपायला यायचो आणि तू तिथं. ती शुद्धीवर आली तेव्हा पहिला आवाज तुझा ऐकला तिनं. मी तुझे पाय धरायला हवे होते. मी काय म्हटलं आठवतं? "तुला सुट्टी बरी मिळते रे." तू म्हणालास, "काढली जी."

त्या यंत्राचं नाव तू पुन्हा कधी काढलं नाहीस. मी सुटलो, असं मला वाटलं. दोन-तीनदा सांगायच्या बेतात होतो, खरंच. एकदा तर तू बोरं निवडत होतास आणि मी म्हटलं, "सुखदेव, तो हिशोब..." तू मान वर न करता म्हणालास, "राहू द्या जी गुरुजी. झालं थे." आणि मी राहू दिलं. तू सोडलंस म्हणून मी सोडलं, असं स्वतःला समजावलं.

काल तुझी तेरवी झाली. पंगती उठल्यावर मी निघालो तर शेवंताबाई मागच्या अंगणात भांडी विसळत होत्या. मी म्हटलं, काही लागलं तर सांगा. त्या म्हणाल्या, "बसा जी जराक." मग आपणहून तुझ्याबद्दल बोलत राहिल्या. त्यांनी जे सांगितलं ते तू मला आठ वर्षांत सांगितलं नव्हतंस.

त्या डोहाला कुंपण झाल्यावर तू गप्प बसला नव्हतास. पलीकडच्या गिट्टीच्या जुन्या, पाण्यानं भरलेल्या खदानीत तुम्ही दोघांनीच तोच प्रयोग पुन्हा केलात, तू आणि त्या. एकदा पोत्यांऐवजी तारेची जाळी लावून. ड्रम वर आला. मग सहा महिने खपून लोखंडी पेटी केलीस, झाकणाची, बोल्ट लावलेली. "तिसऱ्या बारीले एक गोटा सांडला नाही, गुरुजी. तरी वर आला. म्या म्हटलं, अवो, वजनच कमी हाय, आणखीन टाका न दोन पाट्या. आमाले काय समजते, पण दिसून त राहिलं होतं."

"मग?" मी म्हटलं.

"पाटी उचलली अन् खाली ठेवून देली. मंग म्हणे, गुरुजीनं तपासलं हाय, खूण केली हाय. आता वजन वाढवून चाललं त गुरुजी चुकले असं होते. खाणीत सगळ्यांपुढे बोलले थे, वजन बरोबर हाय म्हणून. त्याहिच्यापाशी लेकरं शिकतात. लोक हसन त्याहिले. आपल्याले हसले त हसले." त्यांनी एक परात पालथी घातली. "पेटी भंगारात देऊन टाकली दुसऱ्या दिवशी. म्हणे, कोणाले सांगजो नको."

दोन पाट्या दगड, सुखदेव. तुझ्या हातात होतं. टाकले असतेस तर दिवा लागला असता, शेड मिळाली असती, आणि तुझं नाव झालं असतं. तू माझी अब्रू वाचवलीस. मी प्रामाणिकपणे चुकलो असं धरून वाचवलीस. मुद्दाम केलं असेल हे तुझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. असं मन कुठून आणलं होतंस? आयुष्यभर तुझ्या हाताचा, तुझ्या हसण्याचा, तुझ्या डोक्याचा हेवा केला मी, आणि खरी हेवा करण्याजोगी गोष्ट मला काल कळली. कळल्यावर दुसरं काही वाटण्याआधी तेच वाटलं. हेवाच वाटला.

मी त्यांना सांगितलं. तिथंच, त्या ओल्या फरशीवर बसून. वहिनी, हिशोब चुकला नव्हता माझा. मला तेव्हाच दिसलं होतं. दिसून मी खूण केली. सगळं सांगितलं.

त्यांनी हातातलं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"मंग आता काहून सांगून राहिले, गुरुजी?"

मला उत्तर येत होतं. तू गेलास म्हणून. तू असतास तर याही शनिवारी मी गप्पच बसलो असतो.